वास येतोय तोवर

बोर्झिवोय म्हणतो, वास येतोय तोवर घाबरू नकोस.
कुजक्या अंड्यांचा हा वास
एकाएकी यायचा थांबला, तर मात्र
हातातलं टाकून पळ.

सत्तावीस वर्षं तो पार्दुबित्सेत
काचेच्या नळ्यांची तोंडं मिटतो आहे,
ज्योतीवर फिरवत, ओठ आवळून.
माझे हात मोज्यांत, मोजे पेटीत,
पेटीभर आर्गॉन.
जर्मेनियम, गंधक, आणि थंडीनं पाणी पाणी झालेला तो वायू.
बाहेरची हवा नको.
हवेतली ओल तर नकोच नको.

बाविसाव्या दिवशी नखाएवढा तुकडा निघाला,
मधाच्या रंगाचा.
ह्यात प्रोटॉन आहे म्हणायचं,
ज्याच्या पदरी एक इलेक्ट्रॉनसुद्धा नाही,
जो ह्या गंधकाचं दार सोडून
त्या गंधकाच्या दारी जाऊन उभा राहतो.

यंत्रानं आलेख काढला.
अडीच हजाराच्या आसपास बारीकसा सुळका.
आहे! गंधकाला धरून आहे!
मग चौतीसशेपाशी
एक रुंद, सुस्त टेकाड.

पाणी.

बोर्झिवोयनं फुटक्या नळीचा सांधा
खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला.
"माझंच चुकलं," म्हणाला.
त्याचा हात हल्ली कापतो.
मी मोज्याला पडलेलं टाचणीएवढं भोक
अंगठ्याखाली झाकून उभी होते.

ट्रॉलीबसमध्ये शेजारच्या बाईनं नाक मुरडलं,
उठून पुढे गेली.
मी कोटाची बाही हुंगली,
पुन्हा हुंगली.
मला काहीच येत नव्हतं.