बरणी

एन्देलने काउंटरवर सहा डबे मांडले,
पटावर प्यादी मांडावीत तसे.
म्हणाला, एकही चुकवली नाही.
मी मोजल्या. खरंच चुकवली नव्हती.

रक्त मात्र वेगळंच बोलत होतं.
तार्तूहून आलेला आकडा
मार्चमधल्या आकड्याच्या निम्मा,
आणि मूत्रपिंड कुरकुरायला लागलेलं.
माइमुचं मूत्रपिंड. नऊ वर्षांपूर्वी
बहिणीने आपल्या डाव्या कुशीतून काढून दिलेलं.

औषधांचं वैर असं असतं, बिनआवाजाचं.
एक दुसऱ्याच्या अंगाला हातही लावत नाही.
नुसतं यकृताच्या दारात जाऊन
पेंगणाऱ्या कामकऱ्यांना उठवतं,
जादा माणसं लावतं,
मग आत येणारी गोळी टेकायच्या आत बाहेर.
पाणीसुद्धा विचारत नाहीत,
थेट हातात नारळ.

मी विचारत गेले.
क्षयाचं काही? फिटचं? नाही.
शेजारणीने दिलेला एखादा काढा?
शेजारणी उरल्यात कुठे.
झोप?

तिथे तो अडला.
टोपी काढून पुन्हा घातली.
झोप येते आता, म्हणाला. चहाने.

दुसऱ्या दिवशी बरणी घेऊन आला.
झाकणावर माइमुचं तिरकं अक्षर:
नाइस्तेपुना, जून.
बायकांचं लाल, असं म्हणतात या बेटावर;
फूल पिवळं, पण ताजी कळी चुरडली
की बोटं रंगतात.
साउनाच्या मागच्या उतारावर खुडलेली,
पोटमाळ्यावर उलटी टांगून वाळवलेली.
नोव्हेंबरात ती गेली.
तेव्हापासून रोज रात्री एक कप,
तिच्याच चमच्याने मापून.

मी सांगितलं, जे सांगायचं असतं ते.
चहा बंद. डॉक्टरांना मी आत्ता फोन करते.
आता पातळी उलटी चढेल,
दर आठवड्याला रक्त द्यायला या.

तो बरणीकडे बघत होता.
"म्हणजे माइमुच
माइमुला बाहेर काढतेय," म्हणाला.

यावर आमच्याकडे छापील पत्रक नाही.

मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
त्याने बरणी माझ्याकडे सरकवली
आणि पावती मागितली.
परत आलेल्या औषधांचा एकच फॉर्म असतो,
वरती छापलेलं: नष्ट करण्यासाठी.
मी ते खोडलं. लिहिलं,
एक बरणी, अर्धी,
ठेवायला दिली.