अकरा युनिट

हरिपूर रोडला, चिंचांच्या सावलीत
एक घर होतं. जुनंबिनं नव्हे.
मोझेकची फरशी, सिमेंटची जाळी,
गेटावर पत्र्याचा मोर.
कुलूप चौऱ्याऐंशीपासूनचं.
मीटर तेवढा बाहेर, व्हरांड्यात,
म्हणून 'दार बंद' असा शेरा
मला कधी मारावा लागला नाही.
महिन्याला अकरा युनिट.
ना दहा, ना बारा.

मी वीज बोर्डात मीटर रीडर, पारिसा मगदूम.
खाकी पिशवी, सायकल, बॅटरी
आणि काचेमागं फिरणारी चकती.
तिच्यावरचा लाल ठिपका
समोरून गेला, मागं गेला, परत आला.
आत कुणी नाही,
आणि आत कुणीतरी वीज खातंय.
कादंबरीला आणखी काय लागतं?

आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात.
त्यामुळं इतरांपेक्षा
दोन तास लांब रात्र माझ्या वाट्याला आली.
रद्दीतल्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूला
लिहीत गेलो.
कागद उलटला की छापील रकाने:
मागील रीडिंग, चालू रीडिंग, फरक.
पलीकडं आई जपमाळ ओढायची,
मधेच थांबून विचारायची,
"कुणाला मारलंस रे आज?"
"आज कुणी नाही. आज नुसतं दार वाजलं."
"मग निज आता."

त्या व्हरांड्याच्या धुळीत एकदा
पावलं दिसली होती मला.
बायकी, सरळ, आत जाणारी.
तिसऱ्या प्रकरणात मी ती उलटी केली.

पुण्याच्या प्रकाशकानं नाव बदललं,
मुखपृष्ठावर मेणबत्ती धरलेली बाई घातली.
माझ्या पुस्तकात बाई नव्हतीच!
भांडलो. काय उपयोग.
नऊशे रुपये आणि पंचवीस प्रती.
पण वाचनालयात दोन महिन्यांत
शिवण उसवली तिची,
आणि तासगावच्या एका कंपाउंडरचं कार्ड आलं:
सतराव्या प्रकरणापासून मी रात्री
परसाकडं एकटा जात नाही,
याला जबाबदार कोण?
ते कार्ड वर्षभर
रीडिंगच्या वहीत घालून हिंडलो.

मग एका मंगळवारी, बिलाच्या खिडकीशी,
कॅशियर चिवटे हळूच म्हणाला,
"ही बघ तुझी अकरा युनिटवाली."
मिरजेहून एसटीनं आलेली.
काखेत छत्री, पिशवीत
वर्तमानपत्रात गुंडाळलेला झिरोचा बल्ब.
मी विचारलं. विचारायला नको होतं.
सुटे पैसे मोजता मोजता ती म्हणाली,
"पोरगं अंधाराला भ्यायचं."
पावतीची चौघडी केली
आणि गेली.

भ्यायचं.
त्या एका क्रियापदाच्या उंबऱ्यावर
मी अजून उभा आहे.
त्या खोलीत मी दात घातले होते,
नखं घातली होती, न्हाणीत तांबडं पाणी,
आणि तिथं नुसता
पिवळट उजेड, उशीएवढा.
मुखपृष्ठवाला तेवढा बरोबर निघाला.
बाई होती. हातात दिवाही होता.

त्यानंतर चार कादंबऱ्या लिहिल्या. खपल्याही.
भुतं माझी जरा मवाळ झाली, असं
लोक म्हणायचे. कंपाउंडरचं कार्ड
पुन्हा आलं नाही.

पुढं कृष्णा घरात शिरली त्या साली
खालच्या फळीवरच्या उरल्या नऊ प्रती
भाकरीसारख्या टम्म फुगल्या.
एकच वाळवली, गॅलरीत, चिमट्यानं पानं लावून.
ते घर तर त्याआधीच पाडलेलं;
तिथं आता चार मजले, आणि मीटरला
चकतीच नाही.

शेजारचा श्रेणिक ती प्रत घेऊन गेला
आणि दुसऱ्या दिवशी, सकाळी सातलाच,
डोळे तारवटलेले, दारात उभा:
"आजोबा, खरं सांगा, हे घडलंय का?"

रीडिंग खरं होतं, पोरा.
मागचंही, चालूही.
फरक मी लिहिला.