पूर्वअट

गोडांबे मॅडम खिडकीतून पत्रक सरकवतात.
अठ्ठ्याऐंशी श्रेयांक. चार सत्रं.
सूक्ष्मलक्षी, समग्रलक्षी, अर्थमिती सक्तीची,
बाकी तुमच्या आवडीचं, म्हणजे
ज्याला शिक्षक मिळतील ते.

"बीकॉमला गणित होतं का?"
होतं, म्हणते मी. पहिल्या वर्षी.
"तेवढ्यानं भागत नाही."
आणि पेन्सिलीने एका शब्दाभोवती गोल:
पूर्वअट.
उन्हाळ्यात सहा आठवडे, वाशीतच,
सकाळी सात ते नऊ, फी वेगळी.

सहा आठवडे मी विकलन शिकले
कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत,
ओट्यावर, कुकरच्या शेजारी वही ठेवून.
आण्णा पहाटे चारला मार्केटला निघत,
कांदा-बटाट्याचे मापाडी, तीस वर्षं.
चपला घालता घालता वहीत डोकावत:
"ही शेपटीवाली आकडी काय मोजते?"
बदलाचा वेग.
"कशाचा बदल?"
ते पुस्तकात
शेवटपर्यंत सांगितलेलं नव्हतं.

एका वर्षानंतर बाहेर पडायची सोय आहे.
पदविका देतात.
प्रवेशाच्याच पानावर छापलंय, ठळक,
सिनेमा थिएटरातल्या लाल दिव्यासारखं.
पाटणच्या आत्याला तेवढं एकच पान आवडलं.

तिसऱ्या सत्रात वाट फुटते:
इंटर्नशिप किंवा प्रबंध.
इर्शाद बेलापूरच्या बँकेत गेला,
गळ्यात पट्टा, दुपारी जेवणाचं कूपन,
त्याचे श्रेयांक एसीत पिकले.
मी प्रबंध घेतला.
तेंडोलकर सरांनी विचारलं, विषय?
तोंडून निघून गेलं: रुमाल.

म्हणजे रुमालाखाली दोन हात.
एक विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा,
बोटं दाबली की भाव,
अख्ख्या गाळ्यासमोर, भरदिवसा,
आणि ज्याचा माल तो शेजारी उभा,
रुमालाकडे बघत.

सर खूश. माहितीची विषमता, म्हणाले,
नमुना साठाचा तरी घ्या.
आणि प्रत्येकाचं संमतीपत्र, सहीनिशी,
त्याशिवाय समिती पास करत नाही.

एक्केचाळीस मिळाले.
"कधीच बंद झालं ते," सगळे सांगायचे
हात खिशात घालून.
एकाने चहा पाजला, फॉर्म घडी करून
काउंटरच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवला.

आण्णांनी सही केली नाही.
"बोटं माझी नव्हती," म्हणाले,
"मी फक्त काटा बघायचो."
मग बराच वेळ पाणी पीत राहिले.

आणि गुरुवारी, निघताना,
खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला.
खाली त्यांची बोटं: आधी तीन,
मग सगळा पंजा एकदम,
मग तर्जनीचं फक्त एक पेर.
"बोल. किती?"
अर्थमितीत एकोणऐंशी मिळालेली मी
बोलले काहीतरी.
"गेलीस बारा रुपयांनी,"
म्हणाले, आणि टॉवेल झटकून
जिना उतरले.

परिशिष्ट दोन, पान एकशे तीन.
सहभागी क्रमांक बेचाळीस.
वय त्रेसष्ट. व्यवसाय मापाडी.
पुढचे सगळे रकाने मी भरले होते, शाईने,
नंतर एकेक आडवी रेघ मारली.
शेरा: संमती नाही.
नोंद धरलेली नाही.