दुसरी खिडकी

वेंगुर्ल्याच्या बंदरावर इनास फर्नांडिसांच्या
बर्फ कारखान्याला दोन खिडक्या.
पहिलीवर पैसे, दुसरीवर बर्फ.
मधे अकरा पावलं, मी मोजलीत,
आणि तेवढ्यात माणूस पुसला जातो.

"कोण गो तू? बोट खंयची? लादी किती?"
आत्ताच सांगितलं ना, त्या खिडकीवर.
"थंय सांगितलंस तर थंयच घे,"
म्हणतात कुबल, आणि चश्मा पुसत बसतात.

इनासमामांना बुकिंग मोबाईलवर हवं होतं.
मी पहिलं पान लिहिलं: बोटीचं नाव, लाद्या.
दुसरं पान: दर, वेळ, शिक्का.
बटण दाबलं.
दुसऱ्या पानावर नावाची जागा कोरी.
सर्व्हरला काहीच आठवत नव्हतं.
सर्व्हर म्हणजे कुबलच,
फक्त पुसायला चश्मा नाही.

आधी गेट लावून बघितलं.
गेट म्हणजे होडीतून धक्क्याकडे ओरडणं:
जलपद्मा, लादी पंधरा, दर एकशे ऐंशी.
सगळं पत्त्याच्या पट्टीत, प्रश्नचिन्हामागे उघडं,
येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं असं.
वाचलं. होडेकरांच्या अयानने,
बारावीचा पोरगा, बापाचा फोन घेऊन आलेला.
एकशे ऐंशीतलं शेवटचं शून्य खोडलं
आणि दोनशे सत्तर रुपयांत
पंधरा लाद्या घसरत त्याच्या होडीत गेल्या.

मामा त्याला काही बोलले नाहीत. मला बोलले.
कुबल फक्त म्हणाले,
"भाव गिऱ्हायकाक इचारुचो नसता गो.
भाव वयत आसता."

मग पोस्ट. घडी घातलेली चिठ्ठी,
ओरडण्यापेक्षा बरी, पण चिठ्ठीच ती,
नेणाऱ्याच्या हातातली.
लपवलेले रकाने घातले. लपवलेले म्हणजे काय,
लुंगीच्या कनवटीला खोचलेले;
ज्याची लुंगी, त्याची कनवट.

एका दुपारी कुबलांनी खण ओढला.
आत पितळी बिल्ले, आकडे कोरलेले, हिरवे पडलेले.
पूर्वी पहिल्या खिडकीवर बिल्ला द्यायचे.
गिऱ्हाईक नुसता आकडा घेऊन चालायचं,
बाकी सगळं आत, त्या आकड्यासमोर, कोरड्या वहीत.
"मग बंद का केलंत?"
"निम्मे समुद्रात गेले. खिशातून."

म्हणजे सेशन. कुबलांना नाव माहीत नव्हतं, एवढंच.

पानाच्या अगदी माथ्यावर सेशन सुरू करायचं,
त्याच्याआधी रिकामी ओळसुद्धा चालत नाही.
माझी एक सुटली होती.
ती सापडेपर्यंत पहाटेचे चार,
बाहेर इंजिनं खोकायला लागलेली,
आणि मी एका मोकळ्या जागेकडे बघत बसलेले,
तिच्यात काहीच नव्हतं, आणि तीच आडवी आली होती.

दुसऱ्या दिवशी हसीना मुकादम आल्या.
पहिलं पान भरलं, जाळं सोडवायला वळल्या,
अर्ध्या तासाने बटण दाबलं.
पान म्हणालं, पुन्हा पहिल्यापासून.
आत चोवीस मिनिटांनी झाडू फिरतो,
हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं.
त्या म्हणाल्या, "चोवीस मिनिटांत माझी एक गाठ सुटत नाही."
कुबल आतून म्हणाले, "बर्फ खंय थांबता?"

दोघांचंही बरोबर होतं.
मी सहा तास केले
आणि त्या ओळीशेजारी टीप लिहून ठेवली:
एक भरती.

आता दर वहीतून येतो, नाव आकड्यामागून येतं.
दुसऱ्या खिडकीच्या पडद्यावर जलपद्मा दिसतं,
कुबल ते वाचतात, मोठ्याने,
आणि तरीही विचारतात, "कोण गो तू?"

काल रात्री अकराला अयानचा मेसेज:
ताई, उणे तीन लाद्या घातल्या.
तुझं पान म्हणतं, कारखाना मला
पाचशे चाळीस रुपये देणं लागतो.

उठले. दिवा लावला.