पापी

सोहारला ऑगस्टात थंडच्या नळाला कढत पाणी येतं.
म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो
आणि त्याच्या पोटात निवलेलं पाणी
गरमच्या नळातून घेतो, गार म्हणून.
इथं आल्यावर पहिल्यांदा शिकलो ते हे:
नळावरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही.

त्याच पाण्यानं ऊर्मीला न्हाऊ घालताना
काखेखाली दिसले. सात.
श्रीरंगनं मोजले तेव्हा नऊ.
रात्री, ती झोपेत कूस बदलत असताना,
मोबाइलच्या उजेडात
मी अकरापर्यंत आले आणि थांबले.

घामोळं असेल, तो म्हणाला.
डास, मी म्हणाले.
नवा साबण. परवाचा तो येमेनी आंबा.
पाहुण्याला आग्रह करावा तशी
आम्ही एकमेकांना कारणं वाढत राहिलो,
आणि जे ताटाबाहेर ठेवलं होतं
त्याचं नाव कुणीच घेतलं नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ती आमच्या घरात आहे.
कुणाकडून कुणाकडे आली
हे एका रात्री भांडून पाहिलं,
उजाडल्यावर सोडून दिलं.
आईला फोनवर मी नागीण झाली म्हणून सांगितलं.
तिनं घाबरून विचारलं,
तोंडाला शेपूट मिळाली नाही ना गं?
नागिणीला गावात लेप आहे, उतारा आहे,
चार बायकांत सांगायला तोंड आहे.
हिला नाही. ही नुसती येते,
जागरणाच्या, तापाच्या वाटेनं,
श्रीरंगच्या ओठाच्या कोपऱ्यात,
माझ्या...
असो.

घरात तीन रंगांचे टॉवेल. पिवळा ऊर्मीचा.
पेला तिचा, चमचा तिचा.
नणंद राहून गेली तेव्हा म्हणाली,
किती शिस्त गं तुमच्याकडे!

दवाखान्यात डॉक्टरीणबाई इजिप्तच्या.
घरात कुणाला ओठावर फोड येतात का?
श्रीरंग म्हणाला, नो.
विमानतळावर शिक्का मारणाऱ्याला म्हणतात तसं, पटकन.
मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहत राहिले.

पार्किंगात स्टिअरिंगला हात लावता येईना.
पुढच्या महिन्यात व्हिसाचं नूतनीकरण, तो म्हणाला,
फाइलीत लिहिलं तर?
मागच्या सीटवर ऊर्मी
बरगडी खाजवत मासोळीचं गाणं म्हणत होती,
चुकलेल्या ओळीला परत परत पहिल्यापासून.
मग तो उतरला.
त्या उन्हात, टोपी न घेता, परत आत.
काळ्या काचेमागे नीट दिसत नव्हतं,
पण एक माणूस
स्वतःच्या ओठाला बोट लावून काही सांगत होता,
मग तेच बोट बाहेर, गाडीकडे,
माझ्याकडे.
हर्पिस, म्हणाला असेल.
सहा वर्षांत पहिल्यांदा तिसऱ्या माणसापुढे.
(बाईंनी एवढंच विचारलं म्हणे, मग मघाशी का नाही?)
आम्हाला आत बोलावलं.
एका फोडावर कापसाची काडी फिरली.
ऊर्मी नर्सच्या गळ्यातला क्रूस पाहत होती,
रडायचं विसरली.

तीन दिवस.
रात्री ती गाल पुढे करते, आई, पापी.
मी केसांवरून हात फिरवते.
हाताची नको. पापी!
कोणी ठेवला असेल हा शब्द
लेकराच्या तोंडात?

गुरुवारी फोन आला. ते नव्हतं.
मग काय होतं?
माहीत नाही. असं होतं कधी कधी, म्हणाल्या,
सगळ्यालाच नाव नसतं.
एव्हाना अकराचे चार राहिले होते.
श्रीरंगनं फोन ठेवला
आणि भांडी घासायला घेतली,
घासलेलीच.

संध्याकाळी ती न्हाणीघरातून निथळत आली,
पिवळा विसरून
माझ्या निळ्या टॉवेलात तोंड खुपसलं.
ओरडायला म्हणून मी तोंड उघडलं.
मग तिथंच, कापडाच्या या बाजूनं,
कपाळाचा अंदाज घेऊन
ओठ टेकवले.

कळलं मला, आतून म्हणाली.