मोज्यांच्या खणातलं

कीलच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
हेडविग टेबलावर पिशवी उपडी करते:
बांडगुळाच्या अर्काच्या कुप्या, वाळवलेली अळिंबी,
जावेनं पाठवलेल्या हळदीच्या गोळ्या,
शेजारच्या लोथारनं दिलेलं कात्रण, घड्यांवर फाटत आलेलं.

हसू नका, ती म्हणते.
मागच्या डॉक्टरांनी भुवई उचलली,
तेव्हापासून हे सगळं
मोज्यांच्या खणात असतं.

चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावले मी.
तार तुटेल का, विचारायचे.
मी म्हणायचे, माहीत नाही, हळूच पिळू या.
तसंच बोला माझ्याशी.
कुठली गोळी केमोशी भांडते ते सांगा,
कुठली नुसतेच पैसे खाते, तेही.
बरं करणं तुमच्याकडे राहू द्या.
मला फक्त सकाळी उठून
माझ्या हातानं काहीतरी करायचंय.

डॉक्टर आक्सोय चष्मा पुसतात.
एकेक बाटली उजेडात धरून वाचतात,
बारीक अक्षरांसकट.
हळद बाजूला सारतात: ही आत्ता नको.
अळिंबीपाशी थांबतात.
हिचं मला ठाऊक नाही, म्हणतात.

हेडविग उठते,
इतका वेळ अंगावरच असलेला कोट काढते,
खुर्चीच्या पाठीला लावते
आणि पुन्हा बसते.