उजवा हात प्लास्टरमध्ये असताना

सहा आठवडे मनगट हलवायचं नाही, डॉक्टर म्हणाले.
म्हणून मी, एकतीस वर्षं वाशीच्या कॉलेजात
उष्णतेचं प्रकरण शिकवलेली बाई,
नेरूळच्या माझ्याच स्वयंपाकघरात
स्टुलावर बसून राहिले
पाहुण्यासारखी.

भाकऱ्या करायला हेमलता तांडेल येतात
करावे गावातून, स्कूटीवर,
हेल्मेटखाली गजरा चेपून.
लोखंडी तवा चढवतात,
बोटं पाण्यात बुडवून झटकतात.
नुसती वाफ. "नाय अजून."
मग चर्र. थेंब जागच्या जागी संपला.
"हां."
एकदा मात्र फोन आला, गॅस मोठाच राहिला,
आणि परतून त्यांनी पाणी झटकलं
तर थेंब मरेचना.
पाऱ्याची गोळी झाल्यासारखा धावला,
काठाला धडकला, परत आला,
तव्याच्या मधोमध गरगरत राहिला.
मी मनात आकडे मोजले. अडतीस.

मला हे माहीत आहे.
तवा फारच तापला की थेंबाचं बूड आधी वाफ होतं
आणि त्या वाफेच्या गादीवर
उरलेला थेंब अधांतरी तरंगतो.
लोखंडाची धग त्याला धड शिवतही नाही.
कमी तापलेल्या तव्यावर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जाणारा
भलत्याच तापलेल्यावर जगून घेतो.
फळ्यावर मी त्याचा आलेख काढायचे,
खाली खाली येऊन एकदम उसळणारी रेघ,
पाच मार्कांना हमखास.
वर्गात तवा मात्र कधी नेला नाही.

"लय तापला," हेमलताताई म्हणाल्या,
"भाकर करपंल," आणि गॅस बारीक केला.

मोरबे धरणाचं पाणी बाटलीत भरताना
त्या बाटलीकडे बघत नाहीत.
पाठ करून, मुलीच्या फीबद्दल बोलत,
नळ बरोबर गळ्याशी बंद.
"आवाज चढतो ना," त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, आतला हवेचा खांब आखूड होतो, म्हणून सूर वर जातो.
"तेच की. भरत आली की किंचाळते."

एकदा म्हणाल्या, "डोळे मिटा."
दोन तांब्यांतून दोन पातेल्यांत पाणी ओतलं.
"गरम कुठलं?"
दुसरं, मी म्हटलं, आणि बरोबर निघालं,
आणि मला माझीच भीती वाटली.
पहिलं टोकदार पडलं होतं,
दुसरं जाड, मऊ,
जणू पाण्याने चपला काढून ठेवल्या.
"सासरे आंधळे होते माझे.
मोरीत बादली भरताना
ओसरीवरनं सांगायचे, विसण घाल."
मी सांगायला लागले: गरम पाण्याचा चिकटपणा कमी,
बुडबुडे वेगळे, म्हणजे थोरले, म्हणजे...
आणि वाक्य तिथेच सोडलं.
एकतीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

चहा मी डाव्या हाताने ढवळते हल्ली,
उलट्या दिशेने.
नीट गाळता येत नाही, तळाला चहापूड असते.
गिरकीने खरं तर ती काठाकडे फेकली जावी;
पण तळाचं पाणी कपाला घासून दमतं,
काठाकडून आत घसरतं,
आणि पूड ओढून आणून मधोमध ठेवतं.
उलटं ढवळलं तरी तिथेच.
खिडकीबाहेर कुणाची तरी गाडी मागे जाताना
तेच ते गाणं वाजवत होती.
मी दुसरा चमचा साखर घालायचं विसरले,
नुसतीच ढवळत राहिले.

काल प्लास्टर काढलं.
आतून निघालेला हात कुणा दुसऱ्याचाच,
फिकट, खवले सुटलेला.
हेमलताताईंनी विचारलं, "मग? उद्यापास्नं येऊ की नको?"
मी उठले, बोटं बुडवली,
तव्यावर पाणी झटकलं, उजव्याच हाताने, दुखलं.
थेंब सुटला धावत,
काठापर्यंत, परत, पुन्हा काठापर्यंत.

"या," मी म्हटलं.